कोरी वही

बालवाडीतून घरी परतलेल्या नातवंडाला आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज काय लिहिलंस?" डबा संपवला का, हा दुसरा. वही कोरी आढळली की आजोबांच्या कपाळाला आठी पडते आणि फीच्या पावतीवरील आकडा आठवून वडिलांची अस्वस्थता वाढते. व्यापारी कुटुंबात हे स्वाभाविक आहे. पैसे मोजले, तर माल दिसला पाहिजे. बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूस उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्यालाही नोंद नसलेला व्यवहार सहज पचत नाही. म्हणून नातीच्या बालवाडीत एक संपूर्ण सकाळ मागे बसून पाहण्याची परवानगी मी बाईंकडे मागितली.

दाराशी चपलांची जागा आहे. प्रत्येक जोडासाठी जमिनीवर पावलांची आकृती रंगवलेली. डावी चप्पल डाव्या पावलावर, उजवी उजव्यावर. मला ती निव्वळ शिस्त वाटली होती. पण एका वस्तूला एकच जागा, ही जुळणी मनात पक्की झाल्याशिवाय मोजणी येतच नाही. आत एक मुलगा वीसपर्यंतचे अंक घडाघडा म्हणत होता. पुढ्यातल्या सात चिंचोके मोजताना मात्र दोघांवर दोनदा बोट ठेवून तो 'नऊ' म्हणाला. आकडे पाठ असणे निराळे आणि गड्डी मोजता येणे निराळे, हे कोणत्याही रोखपालास ठाऊक असते. बाईंनी त्याला 'चुकलास' असे म्हटले नाही. त्यांनी सात वाट्या मांडल्या आणि प्रत्येकीत एकेक चिंचोका ठेवण्यास सांगितले.

पलीकडे तिघीजणी ताटातले वाल, चवळी आणि राजमा निवडून वेगवेगळे करीत होत्या. रोजमेळातील विस्कळीत नोंदी खतावणीत आपापल्या खात्यावर नेणे ज्याने केले आहे, त्याला या कामाची थोरवी सांगावयास नको. वर्गीकरणाची बुद्धी ती हीच. फक्त अक्षरओळख व्हायची आहे. एक लहानगा एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतत होता, सांडत होता आणि स्वतःच फडक्याने पुसत होता. मनगटातील आठही हाडे जन्मतः कूर्चेची असतात. ती कठीण होत जाण्यास अनेक वर्षे लागतात. ओतणे, मळणे, मणी ओवणे, फडके पिळणे यांतून बोटांना जे बळ येते, त्यावर पुढे पेन्सिल उभी राहते. तीन वर्षांच्या मुलाकडून ओळीत अक्षरे काढवून घेणे म्हणजे पाया भरण्याआधी दुकानाची पाटी रंगवणे होय.

हे काही नवे फॅड नव्हे. वकिली बाजूला ठेवून बालशिक्षणात शिरलेल्या गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. माँटेसरींचे विचार त्यांनी आपल्या भूमीत रुजवले. आपल्यातल्या गुजराती वाचकांना त्यांचे 'मूछाळी मा' हे लाडके नाव परिचित असेल. ताराबाई मोडक 1923 मध्ये तेथे गेल्या, आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभे केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी साहित्य परवडणारे नव्हते. म्हणून शंखशिंपले, खडे, बिया, पाने हेच साहित्य झाले. आदिवासी पाड्यांतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' या शब्दाचा उगम तो. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. कमी भांडवलात उभा राहिलेला इतका मोठा उद्योग माझ्या पाहण्यात दुसरा नाही!

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मेंदूच्या एकूण विकासापैकी 85 टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाच्या आत होतो, असे म्हटले आहे. हा आकडा वाचून काही पालक सहा वर्षांच्या आत सर्व काही कोंबण्याच्या मागे लागतात. त्याच धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळ आणि कृती यांवर आधारलेला असावा असे सांगितले आहे, ते वाक्य मात्र कोणी वाचत नाही.

अर्थात 'खेळातून शिक्षण' अशी पाटी लावली म्हणजे झाले, असेही नाही. प्लास्टिकच्या घसरगुंड्या, भिंतभर कार्टून आणि दुपारी टीव्हीसमोर बसवलेली मुले, हे मी एका ठिकाणी पाहिले आहे. फी भरण्यापूर्वी अर्धा तास बसून एवढेच पाहावे: बाई अधिक बोलतात की मुले, साहित्य मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर आहे की कपाटात कुलूपबंद, आणि घरी गुजराती वा मारवाडी बोलणारे मूल आपल्या भाषेत पाणी मागते तेव्हा त्याला आधी पाणी मिळते की दुरुस्ती.

माझ्या ओळखीच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या घरी गेल्या महिन्यात यावरून वाद पेटला. चार वर्षांच्या नातवाची वही कोरी; त्याच वयाचा आतेभाऊ दुसऱ्या शाळेत ए पासून झेड लिहितो. मुलाने शाळा बदलण्याचे ठरवले, सुनेचा ठाम विरोध. शेटजींनी मला बोलावून घेतले. "साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा."

मी त्यांना विचारले, "तुम्ही गादीवर कधी बसलात?"

"सोळाव्या वर्षी."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी कसलं काय! पोत्यांत हात घालून बसायचो. अंधारातसुद्धा सांगायचो, हा हरभरा जुना, हा नवा. बापूजी हसायचे."

"ते कोणत्या वहीत लिहिलं होतं?"

शेटजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना आजही पावकी आणि दिडकी बिनचूक येते. तो पाढा त्यांनी सातव्या-आठव्या वर्षी घेतला, हेही त्यांनीच सांगितले. मुलगा मात्र म्हणाला, "काका, तो जमाना वेगळा होता. पहिलीच्या प्रवेशाला याला लिहिता आलं नाही तर?" त्याची भीती खोटी नाही, आणि ती मी हसण्यावारी नेली नाही. पहिलीत जाईपर्यंत मुलाची कोणती तयारी होईल, हे बाईंकडून स्पष्ट विचारून घ्या, असे मी सुचवले. ते सुनेने दुसऱ्याच दिवशी केले.

नातू सध्या त्याच बालवाडीत आहे. संध्याकाळी अर्धा तास तो आजोबांबरोबर दुकानात येतो आणि सुट्या नाण्यांचे ढीग लावतो. दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राची फी भरावयाची आहे. त्याआधी घरात पुन्हा बैठक बसणार असून या वेळी बाईंनाही बोलावणे गेले आहे.