जिवाणूच्या घरातली वाटणी आणि आपली ‘स्ट्राँग’ गोळी

“डॉक्टर, जरा स्ट्राँग अँटिबायोटिक लिहून द्या. मागे मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीने लगेच बरं वाटलं होतं.”

हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. गेल्या पावसाळ्यात एक रिक्षावाले काका हेच म्हणत आले. खोकला दोन महिन्यांचा. त्या काळात चिठ्ठीशिवाय लिव्होफ्लॉक्सासिनच्या पाच-पाच गोळ्या दोनदा घेऊन झालेल्या. दोन्ही वेळा बरं वाटलं आणि खोकला परत आला. थुंकी तपासली तर टीबी निघाला. घरात सहा वर्षांची नात.

ही गोळी शरीरात नेमकं काय करते, हे कळलं तर ती अशी सहज घ्यावीशी वाटणार नाही, असं माझं मत आहे. म्हणून आज थोडं जिवाणूंच्या घरात डोकावू.

एका जिवाणूचे दोन होतात, तेव्हा त्याला आपल्या गुणसूत्राची नक्कल करून एकेक प्रत दोन्ही पिल्लांना द्यावी लागते. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ मायक्रॉन लांब असतो. त्याचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पेशीच्या शेकडो पट भरेल! अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी हा जिवाणू दुप्पट होतो. एवढ्या घाईत एवढ्या लांब दोऱ्याची वाटणी बिनचूक कशी होते?

ते काम प्रथिनं करतात. बऱ्याच जिवाणूंत ‘पार-बी’ हे प्रथिन गुणसूत्राच्या सुरुवातीजवळ चिकटतं आणि ‘पार-ए’च्या मदतीने तो भाग पेशीच्या टोकाकडे सरकतो. ‘एफटीएस-झेड’ हे प्रथिन पेशीच्या मध्यावर कडं तयार करतं आणि तिथेच पुढे भिंत उभी राहते. ई. कोलायमध्ये ‘एफटीएस-के’ त्या भिंतीच्या दारात उभं राहून अडकलेला डीएनए ज्याच्या त्याच्या बाजूला ओढतं.

पण त्याआधी एक अडचण असते. जिवाणूचं गुणसूत्र बहुधा गोल असतं. नक्कल झाल्यावर दोन प्रती साखळीच्या कड्यांसारख्या एकमेकींत अडकतात. ‘टोपोआयसोमरेज-४’ हे प्रथिन एक कडी कापतं, दुसरी त्यातून पार करतं आणि कापलेली पुन्हा जोडतं. ‘गायरेज’ हे त्याचं भावंड नक्कल होताना पडणारा पीळ सैल करतं. टीबीच्या जंतूकडे टोपोआयसोमरेज-४ नाही, तिथे ही दोन्ही कामं एकटं गायरेजच करतं.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या इथेच घाव घालतात. डीएनए कापलेला असतानाच त्या या प्रथिनांना अडकवून ठेवतात. जोडणी होत नाही, डीएनए तुटतो, जिवाणू मरतो. म्हणजे ही गोळी सगळ्या तापांवरचा हातोडा नसून एका विशिष्ट कुलपाची किल्ली आहे. विषाणूकडे हे कुलूपच नसतं, म्हणून साध्या सर्दीत, फ्लूमध्ये किंवा डेंग्यूत तिचा उपयोग शून्य.

आणि कुलूप बदलूही शकतं. गायरेजमध्ये एखादा छोटासा बदल झाला तरी किल्ली नीट बसत नाही. असा बदल असलेले मोजके जंतू मुळात असतातच. एकटी लिव्होफ्लॉक्सासिन दिली की बाकीचे मरतात, पेशंटला बरं वाटतं, आणि हे मोजके उरतात. पुढे त्यांची वाटणी अगदी चोख होते, प्रत्येक पिल्लाला बदललेल्या कुलपाची प्रत मिळते. लघवीच्या किंवा आतड्याच्या संसर्गातल्या काही जिवाणूंकडे औषधाला दाद न देणारी जनुकं वेगळ्या छोट्या डीएनए-कड्यांवर असतात. त्यातल्या काही कड्यांकडे तर वाटणीसाठी स्वतःची प्रथिनंही असतात!

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हे आमचे महत्त्वाचे आधार आहेत. म्हणून २०१४ पासून या दोन्ही औषधांना शेड्यूल एच-१ चे कडक नियम लागू आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही ती मिळतात. दोष एकट्या दुकानदाराचा नाही. घाईत दोन-दोन अँटिबायोटिक लिहिणारे आम्ही डॉक्टरही त्यात आहोत.

म्हणून माझी विनंती एवढीच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर गोळीआधी थुंकी तपासा. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. उरलेली पट्टी शेजाऱ्याला देऊ नका. आणि मी अँटिबायोटिक लिहिलं, तर “हे खरंच लागणार आहे का?” असं मला जरूर विचारा. मला राग येणार नाही.

काकांच्या जंतूंवर सुदैवाने नेहमीची औषधं चालली. सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी पूर्ण केला. नातीचीही तपासणी झाली, ती ठणठणीत आहे. प्रत्येकाचं नशीब असं साथ देतंच असं नाही.