गोळ्याचे माप, गावाचा जीव

लाटंबार्सेच्या औद्योगिक वसाहतीत बंदुकांची काडतुसे तयार होतात. दोडामार्गची हद्द तिथून जवळ, कासारपालचे कालिकेचे देऊळही जवळच. कासारपालच्या नावातच कासार आहे, आणि काडतुसाची पुंगळी पितळेचीच असते: 70 भाग तांबे, 30 भाग जस्त. डिचोली तालुक्याला खाणी माहीत आहेत, खनिजाचे ट्रक माहीत आहेत, लाल झालेले ओहोळ माहीत आहेत. दारूगोळा मात्र या भागाला तितका परिचित नाही. ज्या गावाच्या वेशीत तो बनतो किंवा साठवला जातो, त्या गावाला तो समजून घेण्याचा पुरेपूर हक्क आहे. हा हक्क का, हे कळण्यासाठी लाटंबार्सेपासून बरेच दूर, रशियापर्यंत जावे लागते.

रशियन तोफगोळ्यांची मापे पाहिली की प्रथम गोंधळायला होते. 122 मिलिमीटर, 152 मिलिमीटर असले आकडे कुणी का निवडले असतील? उत्तर झारच्या काळात आहे. तेव्हा रशियात इंचाचा दहावा भाग हे एक माप होते, त्याला 'लाइन' म्हणत. तीन लाइनी म्हणजे 7.62 मिलिमीटर, ही रायफलीची गोळी. 48 लाइनी म्हणजे 122 मिलिमीटर. सहा इंच म्हणजे 152. राज्य गेले, झार गेला, मोजपट्टीही बदलली, पण तोफेच्या नळीचा व्यास तोच राहिला. कारण एकदा नळी ओतली की तिच्यासाठी गोळ्यांचे साचे, पुंगळ्यांची यंत्रे, फ्यूज, पेट्या, गोदामे सगळे त्या मापाचे होते. माप बदलायचे म्हणजे हे सगळे मोडायचे.

भारत या मापात सापडला तो 1962 नंतर. 1961 च्या डिसेंबरात दोडामार्गच्या बाजूने गोव्यात आलेल्या आपल्या सैन्याकडच्या मैदानी तोफा ब्रिटिश वळणाच्या होत्या. पुढच्या दशकात सोव्हिएत तोफा येऊ लागल्या. त्यांत सर्वांत नावाजलेली 130 मिलिमीटरची एम-46. हे माप मुळात रशियन नौदलाचे. तिचा गोळा 33 किलोहून जड आणि पल्ला सुमारे 27 किलोमीटर. लाटंबार्सेच्या माळावर ती उभी केली तर पणजी तिच्या टप्प्यात येते. 1971 च्या युद्धात ती लढली. याच तोफेची चिनी नक्कल पाकिस्तानकडे होती, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच मापाचे गोळे रचलेले होते. शिवाय 122 मिलिमीटरच्या डी-30 तोफा आल्या, त्याच मापाचे ग्रॅड अग्निबाण आले, रणगाड्यांसाठी 125 आणि विमानविरोधी तोफांसाठी 23 मिलिमीटरचा दारूगोळा आला.

हे सगळे पोसण्याचा मोठा भार महाराष्ट्राने उचलला. खडकीचा कारखाना 1869 पासूनचा. पुढे देहूरोड, भंडारा, चंद्रपूर, अंबाझरी, वरणगाव अशी साखळीच उभी राहिली. विदर्भातल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यांवर पेटली. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला, सुट्या भागांची तारांबळ उडाली, तेव्हा देशाला याच हातांनी सावरले. 1999 मध्ये कारगिलच्या डोंगरांवर अडीच लाखांच्या आसपास तोफगोळे, बॉम्ब व अग्निबाण डागले गेले. त्या लढाईने 155 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफेचे मोल पटवले आणि लष्कराने आपले मुख्य माप 155 ठरवले. जुन्या एम-46 ची नळी बदलून तिला 155 ची 'शारंग' करण्याचे काम त्यातूनच आले. हा निर्णय योग्यच होता. एका परक्या राजधानीच्या मापावर देशाचे रक्षण टांगून ठेवणे किती महाग पडते, ते युक्रेनने दाखवले: 152 चे गोळे संपत आले, तेव्हा त्याला लढता लढता 155 च्या तोफांकडे वळावे लागले.

पण माप बदलले म्हणजे जुने गोळे नाहीसे होत नाहीत. आमचा मुद्दा हाच आहे. सेनेच्या यादीतून तोफ उतरते, तिचा गोळा गोदामात पडून राहतो. रशियन पद्धतीचा तोफगोळा दोन भागांत येतो. पुढे पोलादी गोळा, त्यात स्फोटक आणि नाकावर फ्यूज. मागे धातूची पुंगळी, तिच्यात कापडी पिशव्यांतून भरलेली दारू. पल्ला कमी हवा असेल तर तोफची एखादी पिशवी काढून टाकतो. ही दारू जिवंत वस्तूसारखी म्हातारी होते. ती स्थिर राहावी म्हणून तिच्यात मिसळलेले रसायन वर्षानुवर्षे झिजत जाते. ते संपले की दारू आतल्या आत तापते आणि कुणी काडी न लावताही पेटू शकते. म्हणून ठरलेल्या मुदतीत नमुने काढून तपासणे हे कागद रंगवण्याचे काम नव्हे, त्यावर माणसे जगतात.

पुलगावात ती जगली नाहीत. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. ती विझवायला धावलेल्यांपैकी किमान 16 जण गेले, त्यांत दोन अधिकारी होते. अडीच वर्षांनी, 20 नोव्हेंबर 2018 रोजी, त्याच परिसरात सोनेगाव आबाजीजवळ मुदत संपलेला माल नष्ट करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. पेट्या उतरवणाऱ्यांत ठेकेदाराने आसपासच्या गावांतून आणलेले रोजंदारीचे मजूर होते. सैनिकाला वर्षानुवर्षे शिकवून मग जी पेटी हाती देतात, ती या माणसांच्या डोक्यावर सकाळच्या हजेरीनंतर चढवली जात होती. याचा आम्हाला संताप आहे, आणि तो आजही ओसरलेला नाही.

नगरजवळच्या खारे कर्जुनेच्या सराव क्षेत्राची कथा याहून लहान वाटेल, पण दुःख तेवढेच. सराव संपला की गावकरी पितळ आणि लोखंड वेचायला जातात. डागलेला पण न फुटलेला गोळा हा पेटीतल्या गोळ्यापेक्षा घातक असतो, कारण नळीतून सुटताना त्याचा फ्यूज जागा झालेला असतो. भंगाराच्या आशेने त्यावर हातोडा मारणाऱ्या माणसाला हे कुणीतरी त्याच्या भाषेत, त्याच्या दारात जाऊन सांगायला हवे होते.

गोव्यात हे घडणार नाही असे मानू नये. केपे तालुक्यात नाकेरी-बेतूल येथे काडतुसांसाठी लागणाऱ्या दारूच्या गोदामाचा स्फोट झालेला आहे. बंदुकीचे काडतूस हा तोफगोळा नव्हे, दोहोंचा धोका एक नाही, आणि लाटंबार्सेत भीती पसरवण्याचे आम्हाला काही कारण नाही. कारखान्याने तरुणांना काम मिळते, ते टिकावे. परंतु दारूची साठवण ही साठवणच असते. स्फोटकांचे परवाने देणारी यंत्रणा, पेसो, तिचे मुख्यालय नागपुरात आहे. परवान्यावर किती किलो, कुठल्या प्रकारचे, घरांपासून किती अंतरावर, हे सारे लिहिलेले असते. तो कागद डिचोलीच्या मामलेदार कार्यालयात आणि पंचायतीत मराठी व कोकणीत का लावू नये? नेमके लष्करी तपशील झाकून ठेवावेत, सुरक्षित अंतर झाकण्यासारखे काही नाही.

लाटंबार्सेच्या पुढच्या ग्रामसभेत नानोडा, वडावल, लाडफे, कासारपाल या सर्व वाड्यांतल्या लोकांनी चार गोष्टी मागाव्यात. गावाच्या नकाशावर सुरक्षित अंतराचे वर्तुळ आणि त्यात येणाऱ्या शाळा. भोंगा वाजला तर कुठल्या रस्त्याने बाहेर पडायचे याची वर्षातून एकदा तालीम, पावसाळ्यापूर्वी. डिचोलीच्या अग्निशमन दलाला आत काय आहे याची आगाऊ यादी, म्हणजे पाणी कशावर मारायचे आणि कशापासून दूर राहायचे हे जवानाला आगीत शिरण्याआधी माहीत असेल. आणि बाद झालेला माल हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराचे नाव, त्याचे प्रशिक्षण व विमा यांची नोंद, मग तो कंपनीच्या हजेरीपटावर असो की ठेकेदाराच्या.