साधी रायफल, पुष्कळ काडतुसे

शेतकीच्या मासिकात रायफलीचा विषय कशास हवा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास उत्तर इतकेच की, हा विषय आता शेतकऱ्याच्या घरात येऊन बसला आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या लहानशा गावच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर रायफल नेमबाजीत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. तत्पूर्वी २०१० साली म्यूनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत पालथे पडून मारावयाच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. अशी उदाहरणे समोर असता खेड्यातील मुलामुलींस या खेळाची ओढ लागावी, हे स्वाभाविक आहे व इष्टही आहे. परंतु त्याबरोबर एक घातक समजूत मूळ धरू पाहते. ती अशी की, पदक मिळविणाऱ्याच्या हाती जी परदेशी रायफल असते, ती प्रारंभीच विकत घेतल्यावाचून नेम साधावयाचा नाही. या समजुतीपायी एखाद्या बापाने जमीन गहाण टाकावी, हे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते. आमचे मत असे की, नवशिक्याने साधी पण निर्दोष रायफल घ्यावी आणि उरलेला पैसा काडतुसांवर व शिक्षणावर खर्च करावा.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी आपण जी बाराबोर अगर ठासणीची बंदूक ठेवतो, तिचा या कामी उपयोग नाही. तिची नळी आतून गुळगुळीत असते व छर्रे पसरतात. रायफलीच्या नळीस आतून पेचदार आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ मार्ग सोडीत नाही. लक्ष्यवेधासाठी ०.२२ बोअरचे जे काडतूस वापरतात, ते अमेरिकेत १८८७ साली निघाले. त्याची शिशाची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची व सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते. सामन्यासाठी केलेल्या काडतुसाची गोळी सेकंदास सुमारे ३२० ते ३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी वेगाने जाते. धक्का अगदी थोडा बसतो व नळीही फार हळू झिजते. पन्नास मीटरांवरील निशाणाच्या मध्यभागी दहा गुणांचे जे वर्तुळ असते, त्याचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. एवढ्याशा वर्तुळात वारंवार गोळी बसविणे, हे कौशल्य कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

मग रायफल पाहावी कशी? बैल घेताना आपण शिंगांचे रंग व झूल पाहून सौदा करीत नाही; त्यास चालवून पाहतो. येथेही तोच न्याय लावावा. दस्त्यावरील नक्षी व चकाकी यांस किंमत देऊ नये. पहिली गोष्ट, रायफल हाताने खटका ओढून एकेक काडतूस भरावयाची असावी. आपोआप भरणारी या कामी घेऊ नये. दुसरी, नळी बरीच जाड व वजनदार असावी, म्हणजे हात स्थिर राहतो. तिसरी, चाप हलका व स्वच्छ सुटणारा असावा. चाप ओढताना तो खरखरत अगर अडखळत असेल, तर उत्तम नळीही व्यर्थ जाते. चौथी, दस्ता नेम धरणाऱ्याच्या अंगास बसता असावा. वाढत्या वयाच्या मुलासाठी दस्त्याची लांबी कमीजास्त करता येत असेल तर फारच उत्तम.

परदेशातील सामान्य ऐपतीचे नेमबाजही याच मार्गाने जातात. जर्मनीतील उल्म येथील आन्शुट्झ कारखान्याची ५४ क्रमांकाच्या यंत्ररचनेची रायफल जागतिक सामन्यांत प्रसिद्ध आहे. परंतु त्याच कारखान्याची ६४ क्रमांकाची साधी व स्वस्त रचना असंख्य नवशिक्यांनी वापरली आहे. झेक देशाची सीझेड व अमेरिकेची सॅव्हेज मार्क दोन यांचाही अल्प किमतीत चांगला नेम देणाऱ्या रायफलींत समावेश होतो. आपल्याकडे परदेशी शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध असल्याने यांपैकी हवी ती मिळेलच असे नाही. म्हणून क्लबातील एखाद्या जुन्या सभासदाची वापरलेली रायफल परवान्याच्या रीतीने मिळत असेल, तर तिचा विचार अवश्य करावा. मात्र नळीच्या तोंडाची कड कोठे दबलेली नाही ना, आत गंज धरलेला नाही ना, आणि रिकामा चाप वारंवार ओढल्यामुळे काडतूस बसण्याच्या जागेच्या कडेस खळगा पडलेला नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

खरी परीक्षा चांदमारीवरच होते. रायफल टेकवून पन्नास मीटरांवर दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन गट मारून पाहावेत. तीन गोळ्या एकाच छिद्रात गेल्या म्हणून भुलू नये. एका सरीवरून साऱ्या शेताच्या उताऱ्याचा अंदाज कोणी बांधीत नाही. दहाही गोळ्या सुमारे २० मिलिमीटरांच्या आत राहिल्या, तर नवशिक्यास ती रायफल पुरेशी आहे. शिवाय एकाच रायफलीस एका घाण्याची काडतुसे मानवतात व दुसऱ्या घाण्याची मानवत नाहीत. पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण पाहतो; त्याचप्रमाणे थोडथोडी काडतुसे आणून, पारखून, मगच साठा करावा.

आता खर्चाचा हिशेब पाहू. पन्नास मीटरांच्या तीन अवस्थांच्या सामन्यात ६० गोळ्या मारावयाच्या असतात. आठवड्यातून तीन दिवस तितकाच सराव केला, तर ५० आठवड्यांत ९,००० काडतुसे लागतात. एका काडतुसाची किंमत विचारून नऊ हजार या आकड्याने गुणावे, म्हणजे खरा खर्च रायफलीचा नसून सरावाचा आहे, हे कोणाही हिशेबी शेतकऱ्यास कळून येईल. सर्व पैसा रायफलीत घातला आणि काडतुसांस काही उरले नाही, तर ते विहीर बांधून मोटेस पैसा न ठेवण्यासारखेच होय.

यावर कोणी म्हणतील की, आज स्वस्त घेऊन उद्या महाग घेण्यात दुहेरी खर्च आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु नीट राखलेली ०.२२ ची रायफल लवकर झिजत नसल्याने तिची बरीचशी किंमत परत येते. उलट, वर्षभरात मुलाचा उत्साह मावळला, तर महागड्या रायफलीचे कर्ज मात्र राहते.

याहूनही शहाणपणाचा मार्ग म्हणजे प्रारंभ हवेच्या रायफलीने करणे. साडेचार मिलिमीटर बोअरच्या व २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या रायफलीस परवाना लागत नाही. तिचे लक्ष्य दहा मीटरांवर असते. तेव्हा मागे भक्कम आडोसा करून व येणेजाणे बंद ठेवून धान्याच्या रिकाम्या कोठारातही सराव करता येतो. श्वास, दृष्टी व बोट यांची शिस्त येथेच लागते. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात धुवावेत.

०.२२ च्या रायफलीस १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना अवश्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच शस्त्रे ठेवता येतात. परंतु मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाने लक्ष्यसरावासाठी वापरावयाच्या ०.२२ च्या रायफलीस ही मर्यादा लागू नाही. पीकसंरक्षणाची बंदूक बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. एकवीस वर्षांखालील मुलांबाबत निराळे नियम आहेत; ते क्लबात व परवाना कचेरीत आधी विचारावेत. आणि ही लहानशी गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, हे कदापि विसरू नये. शेताचा बांध म्हणजे चांदमारी नव्हे.

तात्पर्य, ज्याच्या घरी अशी हौस निर्माण झाली असेल, त्याने मुलास एक हंगाम क्लबाच्या रायफलीवर शिकू द्यावे. त्याची चिकाटी टिकली तर बेताची, निर्दोष रायफल घ्यावी. आणि तिच्या आधी वर्षाच्या काडतुसांची तजवीज करावी. जमीन मात्र जागच्या जागी राहू द्यावी.