तालुक्यात पक्ष राहतो कुठे?

शहापूर विधानसभा मतदारसंघाच्या मागच्या तीन निवडणुका शेजारी शेजारी मांडून पाहा. 2014 मध्ये दौलत दरोडा शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभे होते आणि पांडुरंग बरोरा राष्ट्रवादीच्या घड्याळावर. बरोरा जिंकले. 2019 च्या जुलैमध्ये बरोरांनी आमदारकीचा राजीनामा देऊन शिवबंधन बांधलं, तर दरोडा राष्ट्रवादीत गेले. निवडणूक आली तेव्हा माणसं तीच होती, फक्त चिन्हांची अदलाबदल झालेली. दरोडा जिंकले. 2024 उजाडेपर्यंत दोघेही मूळच्या एकाच राष्ट्रवादीच्या दोन तुकड्यांत पोहोचले होते. दरोडांकडे अजित पवारांचं घड्याळ, बरोरांकडे शरद पवारांची तुतारी. दरोडा जिंकले, पण दोन हजारांच्या आतल्या फरकाने.

हे वाचून कपाळाला हात लावणं सोपं आहे. ‘यांना निष्ठा नाही’ असं म्हणून चहा संपवता येतो. पण थोडं थांबून पाहिलं तर एक गंमत दिसते. माणसं इकडची तिकडे झाली, तरी तिन्ही वेळा जिंकलं ते घड्याळ. नेत्यांनी पक्ष बदलले, शहापूरच्या मतदाराने चिन्ह फारसं बदललं नाही.

आता घाटरस्त्याने मुरबाडकडे या. तिथे नेमका उलटा प्रकार. किसन कथोरे 2009 ला घड्याळावर निवडून आले, 2014 ला कमळावर, आणि त्यानंतर 2019 व 2024 लाही कमळावरच. इथे चिन्ह बदललं, माणूस राहिला. अर्थात या मुरबाडमध्ये बदलापूरही येतं. रोज पहाटे लोकल पकडणारा मतदार आणि टोकावड्याला भात लावणारा मतदार एकाच आमदाराला मत देतात, आणि बदलापूरची मतसंख्या दर निवडणुकीला वाढतेच आहे. तरीही गोष्ट माणसांचीच राहते. 2019 ला सव्वा लाखाहून मोठं असलेलं कथोरेंचं मताधिक्य 2024 मध्ये निम्म्याच्याही खाली आलं, तेव्हा समोर होते माजी आमदार गोटीराम पवार यांचे पुत्र सुभाष पवार. हातात तुतारी, आणि ते आले होते शिंदे यांच्या शिवसेनेतून.

एकाच जिल्ह्यातले दोन शेजारी तालुके. एकाने चिन्ह धरलं, दुसऱ्याने माणूस. दोन्हीकडे ज्याला पुस्तकात ‘पक्ष’ म्हणतात, म्हणजे एका विचाराने एकत्र आलेल्या सभासदांची संघटना, ती मात्र शोधावी लागते.

लोकसभेला हे आणखी ठळक होतं. 2008 च्या पुनर्रचनेत आपल्या वाट्याला भिवंडी मतदारसंघ आला. भिवंडीचे दोन शहरी तुकडे, भिवंडी ग्रामीण, कल्याण पश्चिम, शहापूर आणि मुरबाड. यंत्रमागाच्या गल्लीपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत वीस लाखांवर मतदार. 2009 ला काँग्रेसचे सुरेश टावरे खासदार झाले. 2014 ला निवडणुकीच्या तोंडावर राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आलेले कपिल पाटील जिंकले, 2019 लाही तेच, आणि मग ते केंद्रात पंचायत राज खात्याचे राज्यमंत्री झाले. 2024 ला त्यांना हरवलं सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा यांनी, 66 हजारांच्या फरकाने. हेच म्हात्रे 2014 मध्ये याच मतदारसंघातून मनसेचे उमेदवार होते. 2014 आणि 2019 या दोन्ही वेळी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या काँग्रेसने ही जागा मागितली होती, पण महाविकास आघाडीच्या वाटपात ती शरद पवारांच्या पक्षाला गेली. इथल्या काँग्रेस कार्यकर्त्यांनी नाराजी दाखवली, आणि नंतर प्रचाराला लागले. वाटप मुंबईत झालं होतं. शहापूरला विचारायचा प्रश्न कुठे येतो?

त्याच निवडणुकीत निलेश सांबरे अपक्ष उभे राहिले आणि दोन लाखांहून अधिक मतं घेऊन गेले. मागे मोठा पक्ष नाही, ओळखीचं चिन्ह नाही. त्यांच्या ‘जिजाऊ’ संस्थेचा दवाखाना, स्पर्धा परीक्षेचे वर्ग, रुग्णवाहिका एवढं मात्र लोकांना माहीत होतं. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात माणसांच्या दारात कोणी येत असेल तर लोक त्याला ओळखतात. मोठ्या पक्षांनी ही जागा केव्हाच रिकामी केली आहे.

रिकामी म्हणजे अगदीच ओस नाही. तिथे नेता असतो. कुणाच्या दशक्रियेला, कुणाच्या हळदीला, हरिनाम सप्ताहाच्या काल्याला, टेनिस क्रिकेटच्या चषकाला नेता येतो, निदान त्याचा माणूस तरी येतो. वर्गणीचं पाकीट येतं, बॅनरवर फोटो येतो. तरुण कार्यकर्ता या ‘भाऊं’चा असतो, ‘साहेबां’चा असतो, ‘मामां’चा असतो. पक्षाचं तालुका कार्यालय बहुधा नेत्याच्याच जागेत असतं. म्हणून नेता गेला की कार्यालयही जातं. खुर्च्या त्याच, पाण्याचा जार तोच, भिंतीवरचे फोटो तेवढे बदलतात. यात कार्यकर्त्याला दोष देऊ नये. त्याला पक्षाने कधी काही विचारलेलंच नसतं, नेत्याने निदान नावाने हाक मारलेली असते.

देशाच्या कायद्यानेही पक्षाकडे असंच पाहिलं. आपल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. तो आला 1985 मध्ये, दहाव्या परिशिष्टातून, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातून. पक्ष घटनेत शिरला तो फुटणाऱ्यांना आवरण्याच्या निमित्ताने. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षांच्या नोंदणीचं कलम त्यानंतर आलं. पक्षांतरबंदी कायद्याने निवडून आलेल्या आमदाराच्या पायात दोरी बांधली, पण पक्षाने आपल्या सभासदांशी कसं वागावं याबद्दल जवळपास काहीच सांगितलं नाही. बरोरांसारखा राजीनामा देऊन किंवा मुदत संपताना पक्ष बदलला की व्यवहारात दोरी लागूच होत नाही. आणि जिथे लागू होते तिथे काय होतं तेही शहापूरने पाहिलं आहे. 23 नोव्हेंबर 2019 च्या अजित पवारांच्या त्या पहाटेच्या शपथविधीनंतर आपले नवे आमदार दरोडा बेपत्ता असल्याची तक्रार शहापूर पोलीस ठाण्यात नोंदवली गेली, आणि पुढे ते गुरुग्रामच्या हॉटेलातून परत आले.

शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यावर खरा पक्ष कोणता, हे निवडणूक आयोगाला ठरवायचं होतं. दोन्ही बाजूंनी सभासदांची आणि पदाधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं गठ्ठ्यांनी सादर केली. 17 फेब्रुवारी 2023 च्या आदेशात आयोगाने शिवसेनेतल्या अंतर्गत लोकशाहीच्या अभावावर बोट ठेवलं, आणि मग धनुष्यबाण दिला तो आमदार-खासदारांची डोकी मोजून. 6 फेब्रुवारी 2024 ला घड्याळाचा निकालही याच मोजणीने लागला. ज्या कार्यकर्त्याने किन्हवलीत वा धसईत आयुष्यभर झेंडा लावला, त्याच्या सहीच्या कागदाने निकाल फिरला नाही. पक्ष म्हणजे आमदार, असं हे सरळ गणित.

या गणितातली खालची पायरी तर आणखी डळमळीत आहे. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही, म्हणून निकालाच्या संध्याकाळी एकाच सरपंचाला गुलाल लावायला दोन पक्ष येतात. चिन्हावर लढवायची पहिली निवडणूक म्हणजे पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. ठाणे जिल्हा परिषदेची मागची निवडणूक झाली डिसेंबर 2017 मध्ये. मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाच्या हाती गेला. तालुक्यातल्या होतकरू कार्यकर्त्याला स्वतःच्या नावावर मतं मिळवून दाखवायची जी पायरी होती तीच नाहीशी झाली. आता त्याने वर जायचं ते फक्त आमदाराचा हात धरून. पुढच्या वेळी आमदार पक्ष बदलेल तेव्हा हा मागे थांबेल असं मानणं भाबडेपणाचं होईल.

कुणी म्हणेल, खेड्यात सभासदांची संघटना चालतच नाही, लोक सत्तेच्या मागे धावतात. मला हे पटत नाही, कारण संघटना आमच्या डोळ्यांसमोर चालल्या आहेत. 1945 च्या जानेवारीत किसान सभेची परिषद भरली ती इथून जवळच, टिटवाळ्याला. विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेचे मोर्चे शहापूर तहसीलवर किती निघाले याची गणती नाही. मुरबाडमध्ये काळू धरणाच्या विरोधात श्रमिक मुक्ती संघटनेने वर्षानुवर्षं वाड्या-पाड्या जाग्या ठेवल्या. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून निघालेला शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च वासिंदला थांबला, आणि सरकारने विधानसभेत निवेदन केल्यावर तिथूनच माघारी गेला. शेकडो माणसं स्वतःची भाकरी बांधून, रोज बुडवून चालत येतात. ती माणसं सभासद असतात, त्यांच्या बैठका होतात, काय मागायचं ते आधी ठरतं. मतपेटीत या संघटनांचं बळ फारसं दिसत नाही हे खरं. पण माणसं जोडण्याचं तंत्र या मातीला परकं आहे, असं निदान पक्षांनी म्हणू नये.

या सगळ्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध काय? पाण्याचं घ्या. तानसा धरण 1892 चं. भातसा तर मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळपास निम्मा वाटा उचलतं. दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि उन्हाळा लागला की याच तालुक्यात टँकरच्या फेऱ्या सुरू होतात. प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात हा प्रश्न आहे, प्रत्येक सभेत तो टाळ्या घेतो. तरी सुटत नाही, कारण भांडण दोन पक्षांमधलं नाही. ते प्रत्येक पक्षाच्या आत आहे. मुंबईत पक्षाला मतं हवीत आणि शहापुरातही हवीत. मुंबईचे आमदार छत्तीस, शहापूरचा एक. जिवंत पक्षात हे भांडण पक्षाच्या बैठकीत झालं असतं. शहापूरच्या सभासदांनी मुंबईच्या सभासदांना विचारलं असतं, जलवाहिनीच्या कडेच्या गावाला नळ का नाही? वाद झाला असता, काही तडजोड निघाली असती, ती जाहीरनाम्यात आली असती आणि मग सरकारला बांधून घालता आलं असतं. आज ही बैठकच भरत नाही. शहापूरचं म्हणणं एकट्या आमदाराच्या पत्रात राहतं, आणि पत्राला पोच मिळते.

मुरबाडच्या रेल्वेचंही तसंच. कल्याण–मुरबाड मार्गाचं नाव ऐकत एक पिढी म्हातारी झाली. सर्व्हे झाले, घोषणा झाल्या, श्रेयाचे बॅनर लागले. कुठल्या पक्षाने आपल्या तालुका शाखेला कागद दाखवून सांगितलं की एवढं काम झालं, एवढं राहिलं, आणि अडलंय इथे? पक्षाचा सभासद म्हणून हा हिशेब मागायचा हक्क आहे असं वाटणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

जर्मनीत कायदाच असा आहे की मतदारसंघातला उमेदवार पक्षाच्या तिथल्या सभासदांनी, किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी, गुप्त मतदानाने ठरवायचा. आपल्याकडेही 2014 च्या लोकसभेला काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात लातूर त्यात होतं. पक्ष तिथे हरला आणि प्रयोग गुंडाळला गेला. त्याआधी युवक काँग्रेसच्या अंतर्गत निवडणुकांत नेत्यांचीच मुलं पुढे आली, सभासद पावत्या गठ्ठ्यांनी भरल्या गेल्या अशी टीका झाली. ती टीका खोटी नव्हती. उद्या शहापुरात असं मतदान ठेवलं तर पहिल्या वर्षी ज्याच्याकडे गाड्या जास्त त्याचे सभासद जास्त होतील, हे सांगायला ज्योतिषी नको. पण ग्रामपंचायतीच्या पहिल्या निवडणुकांतही पाटीलच सरपंच झाले होते. पुढे आरक्षण आलं, बायका सरपंच झाल्या, कातकरी पाड्यावरचा माणूस सदस्य झाला. मतदान चुकत चुकतच शिकलं जातं. न शिकण्याचं निमित्त म्हणून चुकांकडे बोट दाखवणाऱ्यांचा त्यात काही ना काही फायदा असतो.

पुढची लोकसभा 2029 ला. गाड्या येतील, भोंगे लागतील, तेव्हाचं चिन्ह कुठलं आणि ते कुणाच्या हातात हे आज कुणीच सांगू शकत नाही. सरळगावच्या नाक्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मागच्या खेपेला मी विचारलं होतं, “काका, यंदा कुणाला?” तर म्हणाले, “आधी कळू दे, कोण कुठं हाय ते!” थट्टा होती, पण मतदाराने एवढ्यावरच थांबायचं कारण नाही. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला उमेदवाराच्या आधी पक्षाबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात. या तालुक्यात तुमचे सभासद किती आणि त्यांची शेवटची बैठक कधी झाली? हा उमेदवार त्यांच्यापैकी किती जणांना विचारून ठरला? उद्या नेता दुसरीकडे गेला तर या गावात तुमच्या पक्षाचं म्हणून कोण उरेल?

पहिल्या प्रश्नाला हसतील, दुसऱ्याला विषय बदलतील, तिसऱ्याला कदाचित रागावतील. चालेल. पाणी, रेल्वे, रस्ता यांची आश्वासनं आपण पुष्कळ ऐकली, आणि ती मोडल्यावर जाब विचारायला गेलो तेव्हा तिथे पक्ष नव्हता, नेताही नव्या बोर्डाखाली बसलेला होता. मत देताना आपण पाच वर्षांचा करार करतो. करारावर सही करणारा पाच वर्षं त्याच पत्त्यावर सापडेल का, हे आधी पाहणं यात काही जगावेगळं नाही. जमिनीचा व्यवहार करताना शहापूर-मुरबाडचा माणूस सातबारा पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. मत देतानाही एवढी कागदपत्रं मागायला हरकत नसावी.