विश्लेषण : मोरीतल्या ब्लीचच्या बाटलीत काय असते? ती कुठे ठेवावी आणि कशात अजिबात मिसळू नये?

जोगेश्वरी पूर्वेतील मेघवाडी असो की पश्चिमेतील बेहराम बाग, दहा बाय बाराच्या खोलीत मोरीचा कोपरा ठरलेला असतो. भांडी, कपडे आणि बऱ्याचदा आंघोळही तिथेच. पाण्याच्या पिंपाला टेकून साफसफाईच्या बाटल्याही तिथेच उभ्या असतात. त्यातली एखादी कोल्ड्रिंकची जुनी बाटली असते आणि तिच्यात सुटे विकत घेतलेले ब्लीच असते. पावसाळ्यात शेवाळ आणि कुबट वास वाढला की ही बाटली बाहेर येते. ब्लीच स्वस्त आहे आणि जंतू मारण्यात चोख आहे. मात्र त्याच्याबद्दल दिला जाणारा ‘लेबल नीट वाचा’ हा सल्ला लेबलच नसलेल्या बाटलीला लागू होत नाही. खरी अडचण इथूनच सुरू होते.

ब्लीच म्हणजे नेमके काय?

घरगुती द्रव ब्लीच म्हणजे पाण्यात विरघळलेले सोडियम हायपोक्लोराइट. त्याचे प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के असते. गावाकडे विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर हा त्याचाच कोरडा भाऊबंद.

मुंबईकर रोज क्लोरीन पितातच. भांडुप संकुलात शुद्ध होणाऱ्या पाण्यात तो मिसळला जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोरीन वापरलेल्या पाण्यात नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. ५ टक्क्यांच्या ब्लीचमध्ये हेच प्रमाण लिटरमागे सुमारे ५० हजार मिलिग्रॅम असते, म्हणजे अडीच लाख पट. एका ठिकाणी जे औषध, तेच दुसऱ्या ठिकाणी विष ठरते ते या फरकामुळे. म्हणूनच आशा सेविका देतात त्या मेडिक्लोरऐवजी साफसफाईचे ब्लीच पिण्याच्या पाण्यात टाकू नये. त्यात सुगंध आणि साबणासारखे घटकही असू शकतात.

ॲसिडमध्ये मिसळल्यास काय होते?

डाग निघत नाही म्हणून दोन्ही बाटल्या एकदम ओतणे ही सर्वात घातक चूक. शौचालय साफ करण्याच्या अनेक द्रवांत आणि टाइल्सच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ते ब्लीचला भेटताच क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने सोडला होता तोच हा वायू. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही ॲसिडच आहेत, हे विसरू नये. अमोनिया असलेल्या काच साफ करण्याच्या द्रवात ब्लीच पडले तर क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बर्लिंग्टन येथील एका रेस्टॉरंटमध्ये हेच घडले. फरशीवर सांडलेल्या ॲसिडयुक्त क्लीनरवर ब्लीच पडले. वायू सुटला आणि तेथील व्यवस्थापकाचा मृत्यू झाला. प्रशिक्षित कर्मचारी असलेल्या जागेत हे होऊ शकते, तर बंद बाथरूममध्ये का नाही?

लहान घरात धोका जास्त का?

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, फरशीलगत साचतो. मोरी घासणारी बाई उकिडवी बसलेली असते. तिचे नाक आणि फरशी यांत फार तर दोन-अडीच फुटांचे अंतर असते. खोलीत रांगणारे मूल असेल तर तेही त्याच थरात श्वास घेत असते. दार लोटलेले, मोरीला खिडकी नाही, अशा खोलीत थोडा वायूही पुरेसा होतो. उभ्याने, मोठ्या हवेशीर बाथरूममध्ये काम करणारा माणूस डोळ्यात आलिप्रमाणे झोंबले की बाहेर पळू शकतो. इथे ‘एवढे झाले की उठते’ म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

बाटली कशी आणि कुठे ठेवावी?

सर्वात महत्त्वाचे म्हणजे ब्लीच मूळ बाटलीतच राहू द्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतू नका. एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या काय करतात हे महाराष्ट्राने ३१ जानेवारी २०२१ रोजी पाहिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. तिथे तर आरोग्य यंत्रणा हजर होती. घरात तहानलेल्या सहा वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवणार?

ब्लीच उष्णतेने आणि उजेडाने कमजोर होते. म्हणून पारदर्शक बाटली, गॅसच्या ओट्याजवळची जागा आणि पत्र्याखालचा तापणारा पोटमाळा या तिन्ही जागा चुकीच्या. धातूच्या डब्यातही ते ठेवू नये. ॲसिडची बाटली त्याच फळीवर नको. एक गळली तरी दुसरीपर्यंत पोहोचता कामा नये. लहान खोलीत वेगळे कपाट नसते, पण भिंतीवर उंच खिळ्याला झाकणाची प्लास्टिकची बादली टांगता येते. मूल स्टुलावर चढूनही तिथे पोहोचणार नाही, एवढी उंची हवी. बाटलीवर खरेदीचा महिना लिहून ठेवावा. काही महिन्यांनी ब्लीचचा जोर ओसरतो. त्यामुळे मोठ्या कॅनपेक्षा लहान बाटली परवडते.

प्रमाण किती घ्यावे?

फरशी, ओटा, दाराच्या कड्या यांसाठी ०.१ टक्का द्रावण पुरते. ५ टक्क्यांचे ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे चार छोटे चमचे. तो चमचा नंतर स्वयंपाकात वापरू नये. आधी पाणी, मग ब्लीच. पाणी थंड हवे, गरम नको. आधी साबणाने मळ काढून जागा धुवावी, कारण मळावर ब्लीचची ताकद वाया जाते. मग द्रावण लावून दहा मिनिटे थांबावे आणि पाण्याने धुवावे. हातमोजे घालावेत आणि दार सताड उघडे ठेवावे. उरलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

अपघात झाल्यास काय करावे?

डोळे झोंबले, खोकला सुटला तर पुसत बसू नका. सर्वांना घेऊन मोकळ्या हवेत या. डोळ्यांत गेले असेल तर वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवा. कुणी प्यायले असेल तर उलटी करायला लावू नका, उतारा म्हणून लिंबूपाणीही देऊ नका. तोंड धुवा आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा. जोगेश्वरीत द्रुतगती महामार्गालगत महापालिकेचे बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक आहे. वायू श्वासातून गेल्यावर बरे वाटले तरी काही तासांनी त्रास वाढू शकतो. म्हणून धाप लागत असेल तर घरी थांबू नये.

काळजी फक्त वापरणाऱ्यानेच घ्यायची का?

इथवरचे सगळे सल्ले मोरीत बसलेल्या बाईसाठी आहेत. पण बाटली तिच्या हातात देणारे दुसरेच असतात. जोगेश्वरीच्या वस्त्यांतून रोज अनेक जणी ओशिवरा, लोखंडवालातील टॉवरमध्ये घरकामाला जातात. ‘मावशी, आज बाथरूम चकाचक करा’ म्हणताना कोणते द्रव घरात आणायचे, हे घरमालक ठरवतो. बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरे तिला वाचता येतीलच असे नाही. मालकाने दोन मिनिटे समजावून सांगणे आणि ब्लीच किंवा ॲसिड यांपैकी एकच घरात ठेवणे, एवढे तरी व्हायला हवे. सार्वजनिक शौचालये चालवणाऱ्या संस्थांनी आणि सोसायट्यांनीही कामगारांसाठी हाच नियम करावा.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराची नोंद ठेवल्याशिवाय विक्री नको, असा तो आदेश होता. त्याला एक तप उलटले, तरी वस्त्यांत सुटे ॲसिड मिळणे थांबलेले नाही. त्याच दुकानात, त्याच प्रकारच्या बाटलीत ब्लीचही मिळते. सुटी विक्री एका दिवसात बंद होणार नाही, कारण ती स्वस्त आहे आणि गरिबाला तीच परवडते. तोवर निदान विकणाऱ्याने वेगळ्या रंगाची बाटली आणि मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांतली दोन वाक्ये द्यावीत : ‘पिऊ नका. ॲसिडमध्ये मिसळू नका.’ वॉर्ड कार्यालयाने तेवढी सक्ती केली, तर पुढचे काम एक चिकटपट्टी आणि एक मार्कर करू शकेल. घरात आज बिनलेबलची बाटली असेल, तर सुरुवात तिथूनच करता येईल.