केसपेपरवर नसलेला प्रश्न

आमच्या पोहरादेवीचं नाव काढलं की लोकांना संत सेवालाल महाराजांची समाधी आठवते, रामनवमीची यात्रा आठवते, आणि २०२४च्या ऑक्टोबरपासून नंगारा म्युझियमही. इथल्या तांड्यांमधून फौजेत गेलेली माणसं मात्र कुणाच्या ध्यानात नसतात. फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला आपण 'मेजर' म्हणून मोकळे होतो, मग तो शिपाई असो की हवालदार! पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ खुर्ची दिली की झालं आपलं कर्तव्य. मीही त्यातलीच, हे आधीच कबूल करते.

शेजारच्या तांड्यातली एक मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिची अभ्यास सहल पुण्याला जाणार म्हटल्यावर मला वाटलं, शनिवारवाडा आणि तुळशीबाग. परत आली ती दुसरंच घेऊन. "काकू, आम्ही खडकीला जखमी जवानांचं सेंटर पाहिलं. दोन रात्री झोप नाही आली जी."

खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४पासून चालू आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं, काहींचं मानेखालचंही शरीर लुळं पडलेले जवान तिथे राहतात. कुणी व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतं, कुणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतं. मला वाटलं, हिला त्या चित्रांचं अप्रूप वाटलं असेल. पण ही बोलत होती पाठीवरच्या जखमांबद्दल! ज्याला संवेदनाच नाही, त्याला खाली काही टोचतंय हे कळत नाही. एका कुशीवर तासन् तास पडून राहिलं की कातडी लाल होते, मग काळी पडते, मग हाडापर्यंत जखम. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीच्या नळीची स्वच्छता राखायची, नाही तर जंतुसंसर्ग थेट मूत्रपिंडापर्यंत जातो. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक गोळीने नाही, तर याच दोन गोष्टींनी गेले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४पासून ही शुश्रूषा शिस्तीने सुरू केली आणि माणसं जगू लागली. नुसती जगली नाहीत, तर खेळू लागली. १९४८ साली तिथेच खेळांच्या स्पर्धा झाल्या आणि त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक आलं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला तेव्हा कुठे घराघरांत हे नाव पोचलं!

मग तिने मला एक प्रश्न विचारला, "काकू, आपल्या दवाखान्यात केसपेपर काढताना नाव, वय, गाव, जात सगळं विचारतात. तुम्ही फौजेत होता का, हे कधी विचारलेलं ऐकलं?" अमेरिकेत परिचारिकांच्या अकादमीने हाच प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारावा म्हणून मोहीम चालवली, असं त्यांच्या मॅडमनी शिकवलं होतं. कारण त्या एका उत्तरावरून बरंच उलगडतं. तोफेजवळ राहिलेल्याचे कान, उंचावर बर्फात राहिलेल्याची बोटं, रात्री दचकून उठणं, कुणाशी न बोलणं.

ते ऐकून मी गप्प झाले. कारण त्यांच्या तांड्यातले एक मेजर (खरं तर तोफखान्यातले नाईक) डोळ्यांपुढे आले. १९७१ची लढाई पाहिलेला माणूस. रस्त्यात हाक मारली तर वळूनही बघायचे नाहीत. इतकी वर्षं आम्ही बायका म्हणायचो, फौजेचा ताठा काही जात नाही बाई! तो ताठा नव्हता, त्यांना ऐकूच येत नव्हतं. अर्धांगवायूने गेल्या वर्षीपासून ते बाजेवर आहेत. मी दोनदा फळं घेऊन गेले होते, फोटोही काढला होता. पाठ काही बघितली नव्हती.

आम्ही दोघी गेलो. मुलीने आधी त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, "दादा, पाठ बघू का?" त्यांनी मान हलवली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. "इथूनच सुरू होते," ती हळूच म्हणाली. आजींना तिने कूस कशी बदलायची, पाठीमागे उशी कुठे ठेवायची, चादरीला सुरकुती का नको, हे करून दाखवलं. डाग चोळायचा नाही, हेही. आजी रोज तेल लावून तेच करत होत्या, बिचाऱ्या! आजी म्हणाल्या, "डॉक्टरनं गोळ्या लिहून देल्या. हे कोणी सांगतलंच नाही माय."

मैत्रिणींनो, फ्लोरेन्स नाइटिंगेलपासून सैन्याच्या शुश्रूषेचा इतिहास सांगतात. आपल्याकडे १८८८ साली मुंबईच्या बंदरावर उतरलेल्या पहिल्या दहा परिचारिकांपासून सांगतात. पण सैनिक घरी परतल्यावरची तीस-चाळीस वर्षांची शुश्रूषा कोण करतं? पगार नाही, ड्यूटी संपत नाही, आणि शिकवलं कुणीच नाही. आजींचं वय अडुसष्ट. एवढ्या गड्याला एकटीने उचलून त्यांचीच कंबर गेली आहे. मुलीने त्यांचंही बीपी बघितलं. चांगलंच वाढलेलं निघालं.

निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी २००३पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, त्यात बायकोचंही कार्ड निघतं. या घरात दोघांचंही नव्हतं. पत्र्याच्या पेटीतून डिस्चार्ज बुक काढलं तर त्यात आजींचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर कुटुंब निवृत्तिवेतन याच नावावर अडतं. माणूस हयात असताना हे दुरुस्त करणं सोपं, नंतर विधवेला खेटे. फौजीच्या घरात दिलेल्या मुली, सुना तुमच्याकडेही असतील. आजच पेटी उघडून नाव तपासा.

सोमवारी मी डिस्चार्ज बुक, आधार आणि लग्नाच्या वेळचा एकुलता एक फोटो घेऊन वाशिमला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहे. आजींना यायचं होतं, पण दोन तासांनी कूस कोण बदलणार? मुलीने त्या दिवशीची सुट्टी टाकली आहे.