लेखकाला पडद्यावर ऐका, मग पुस्तक उघडा

बडोद्याजवळच्या कोयली, जवाहरनगर, करोडिया, उंडेरा, गोरवा या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांना हे आवाहन आहे. रिफायनरीत दोन-तीन पिढ्या काढलेली घरं आपल्यात आहेत आणि अलीकडं जळगाव-धुळ्याकडून नोकरीसाठी आलेलीही आहेत. राजकारणावर आणि इतिहासावर पुस्तकं लिहिणाऱ्या लेखकांच्या मुलाखती टीव्हीवर होतात. त्या पूर्ण पाहा, शक्य तर चार घरांनी मिळून पाहा, आणि पाहून झाल्यावर ते पुस्तक मिळवून निदान एक प्रकरण तरी वाचा. एवढंच मागणं आहे.

आज आपल्याकडं इतिहास मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी येतो. लेखक तासभर बोललेला असतो. त्यातलं एकच वाक्य कापून, मागं ढोल-ताशे लावून, ते नात्यागोत्याच्या ग्रुपवर फिरतं. त्या वाक्याआधी लेखक ‘याला एकच साधन आहे, तेही उशिराचं’ असं म्हणाला असेल, तर ते कापणाऱ्यानं टाकून दिलेलं असतं. मग आपण त्या तुकड्यावरून मेहुण्याशी भांडतो, शेजाऱ्याशी बोलणं टाकतो, आणि लेखकाचं पुस्तक आपल्यापैकी कुणीच पाहिलेलं नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे बडोद्यात घडतंय.

बडोद्यात का, ते सांगतो. पडद्यावर दिसलेलं चित्र आणि त्याचा अर्थ यांतलं अंतर किती मोठं असतं, हे बडोद्याइतकं क्वचितच कुठल्या शहरानं अनुभवलं असेल. डिसेंबर 1911 मध्ये दिल्ली दरबार भरला. संस्थानिकांनी एकामागून एक पुढं जाऊन बादशहा पंचम जॉर्जसमोर झुकायचं आणि पाठ न दाखवता मागं सरायचं, असा शिरस्ता ठरला होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज अंगावर फारसे दागिने न घालता गेले, एकदाच झुकले, आणि पाठ फिरवून चालू लागले. तिथं चित्रीकरण चालू होतं. ती फिल्म इंग्लंडमध्ये दाखवली गेली आणि तिकडच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना दिलगिरीचं पत्र लिहिलं, तेही छापून आलं. आता विचार करा. चित्र एकच, पण कुणी त्यात स्वाभिमानी राजाचा उघड बाणेदारपणा पाहतो, कुणी म्हणतो की रंगीत तालमीला ते नव्हते म्हणून गडबड झाली, आणि कुणी आठवण करून देतो की अरविंद घोष यांच्यासारखी माणसं बडोद्याच्या नोकरीत राहून गेल्यामुळं ब्रिटिशांची महाराजांवर आधीच नजर होती. काही सेकंदांची फिल्म यातलं काहीही ठरवू शकत नाही. ठरवायचं तर पत्रं वाचावी लागतात, तारखा जुळवाव्या लागतात, इतरांचे जबाब ताडून पाहावे लागतात. हे काम लेखक पुस्तकात करतो. मुलाखतीत तो फक्त त्याचा निष्कर्ष सांगतो.

म्हणून मुलाखत ऐकताना एक प्रश्न मनात सतत जागा ठेवा: हे तुम्हाला कुठून कळलं? चांगला मुलाखतकार हे विचारतो. न विचारलं तर आपण विचारायचं, आणि उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानांत शोधायचं. पुस्तक हातात आलं की आधी शेवटून उघडा. तिथं टिपा आहेत का? संदर्भसूचीत मूळ कागदपत्रं, दफ्तरं, पत्रव्यवहार आहेत, की दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकंच तेवढी? मुलाखतीत लेखकानं ठासून सांगितलेली एखादी गोष्ट घ्या, नामसूचीतून तिचं पान काढा आणि खालची टीप वाचा. दहा मिनिटांचं काम आहे. अकरावी-बारावीतल्या मुलाला शेजारी बसवून एकदा हे करून पाहा. पुढं आलेला प्रत्येक फॉरवर्ड तो त्याच नजरेनं पाहील.

कागद तपासायच्या या सवयीचं उदाहरण बडोद्यातच आहे. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणं आणि राजपुत्रांना शिकवणं हे त्यांचं काम. त्या वाचनातून आणि टिपणांतून ‘मराठी रियासत’ उभी राहिली, आणि तिचा पहिला भाग 1902 मध्ये आला. नोकरी सोडल्यावर त्यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले, आणि नवे कागद हाती आल्यावर स्वतःच्याच रियासतीत दुरुस्त्या केल्या. आधी लिहिलेलं बदलायला त्यांना कमीपणा वाटला नाही. टीव्हीवर बोलणाऱ्या इतिहासलेखकात मी हाच गुण शोधतो. ‘पहिल्या आवृत्तीत मी असं लिहिलं होतं, नंतर अमुक पत्र सापडलं’ असं जो लेखक म्हणतो, त्याचं पुस्तक आधी विकत घ्या.

राजकारण्यांच्या आत्मचरित्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं पुस्तक कुठं थांबतं ते आधी बघावं. यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ 1984 मध्ये आलं आणि ते 1946 पर्यंतच येतं. पुढचे खंड व्हायचे होते, पण त्याच वर्षी ते गेले. संयुक्त महाराष्ट्राबद्दल किंवा चीन युद्धानंतर दिल्लीला जाण्याबद्दल ‘यशवंतरावांनी कृष्णाकाठमध्ये लिहिलंय’ असं पडद्यावर कुणी म्हणालं, तर समजा की त्यानं पुस्तक उघडलेलं नाही. हयात पुढारी स्वतःच्या पुस्तकावर बोलायला बसतो तेव्हा त्यानं कुठली वर्षं भरभर उरकली, ते वहीत लिहून ठेवा. बहुतेक वेळा सगळ्यात कामाचं तेच असतं.

पडदा आणि पुस्तक यांतल्या फरकाचं, आपल्या कोयलीशी जोडलेलं एक उदाहरण देतो. इथल्या रिफायनरीची कोनशिला पंडित नेहरूंनी मे 1963 मध्ये बसवली. त्यांनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’वरून श्याम बेनेगल यांनी ‘भारत एक खोज’ ही मालिका केली. 1988 पासून ती दूरदर्शनवर लागली, आणि आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांनी रविवारी टीव्हीपुढं बसून ती पाहिली आहे. नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी महाराज अजून डोळ्यांपुढं आहेत. पण मूळ पुस्तकात महाराजांवरचा मजकूर अगदी थोडा आहे. मालिकेनं त्यात आपल्या अभ्यासानं भर घातली. दोन्ही चांगलं आहे, फक्त कुठलं नेहरूंचं आणि कुठलं बेनेगलांचं हे पाहणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. फारशी पुस्तकं जवळ नसलेल्या कैद्यानं आठवणीवर आणि सोबतच्या विद्वान कैद्यांशी झालेल्या बोलण्यावर किती भिस्त ठेवली असेल, हेही वाचताना ध्यानात येतं.

चांगली मुलाखत कशी असते? अमेरिकेत ब्रायन लॅम्ब यांनी सी-स्पॅन वाहिनीवर 1989 ते 2004 ‘बुकनोट्स’ नावाचा कार्यक्रम चालवला. एक तास, एक लेखक, एक पुस्तक. एकदा आलेला लेखक पुन्हा बोलवायचा नाही, आणि पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय लॅम्ब स्वतः खुर्चीत बसायचे नाहीत. प्रश्न छोटे: हे कुठं बसून लिहिलंत, अर्पणपत्रिकेतली व्यक्ती कोण, हा आकडा कुठला? आपल्या मुंबई दूरदर्शनवरही ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या कार्यक्रमानं लेखकांना निवांत बोलू दिलं होतं. ज्या कार्यक्रमात लेखकापेक्षा निवेदक जास्त बोलतो आणि चौघं एकदम ओरडतात, तो बंद करा. तिथं पुस्तक नुसतं मेजावर ठेवायला आणलेलं असतं.

चार घरांनी मिळून पाहा, असं मी म्हणतो त्याला याच मुलखाचा आधार आहे. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयांची यंत्रणा उभारली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांना पाठवली जात, आणि त्याच ग्रंथालय खात्याची एक शाखा चित्रपट आणि मॅजिक लँटर्नचे फुकट खेळ घेऊन फिरायची. पडदा आणि पुस्तक एकाच खात्याच्या हाती होतं! पुढं 1975 मध्ये इथून जवळच खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी इस्रोच्या पुढाकारानं दूरदर्शनचं छोटं प्रक्षेपण सुरू झालं. गावाच्या सामायिक टीव्हीपुढं लोक एकत्र बसायचे, आणि त्यांच्याच अडचणींवर कार्यक्रम व्हायचे. त्या प्रकल्पाला 1984 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. एकत्र पाहिलं की कुणीतरी ‘थांबा, हे पटत नाही’ म्हणतं. एकट्यानं फोनवर पाहताना तसं म्हणणारं कुणी नसतं.

शिफ्टची अडचण मला माहीत आहे. कुणाची फर्स्ट, कुणाची नाइट, एका वेळी सगळे सापडत नाहीत. पण आता बहुतेक मुलाखती यूट्यूबवर पूर्ण मिळतात. ‘पूर्ण मुलाखत’ असं लिहून शोधा, दहा मिनिटांची कापलेली नको. महिन्यातला एक रविवार ठरवा आणि फोन टीव्हीला जोडा. मध्ये दोनदा थांबवून बोला. आजी-आजोबांना मुद्दाम बसवा. आणीबाणी, नवनिर्माण आंदोलन, रिफायनरीतले सुरुवातीचे रशियन इंजिनिअर हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि लेखक चुकला तर ते लगेच सांगतील. गुजराती शेजाऱ्यांनाही बोलवा. एकाच घटनेवर मराठी आणि गुजराती पुस्तकं काय म्हणतात हे शेजारी ठेवून पाहायची सोय आपल्याइतकी फार थोड्यांना आहे. गणेश मंडळांना विनंती अशी की दहा दिवसांतली एक संध्याकाळ या कामाला द्या. पडदा आणि स्पीकर तुमच्याकडं आहेतच.

पुस्तकासाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे. एका घरानं पुस्तक आणावं, प्रकरणं वाटून घ्यावीत, आणि पुढच्या रविवारी ज्यानं त्यानं आपापल्या प्रकरणातली एक शंका मांडावी. पहिला विषय सयाजीरावच घ्या. फत्तेसिंहराव गायकवाडांनी आपल्या पणजोबांचं इंग्रजी चरित्र लिहिलंय, मराठीतही महाराजांवर भरपूर साहित्य आहे. आधी 1911 च्या दरबारावर एखाद्या अभ्यासकाचं भाषण किंवा मुलाखत पाहा. मग दोन वेगळ्या पुस्तकांतून दरबाराची पानं काढा, मोठ्यानं वाचा, आणि कोणाच्या बाजूनं कुठला कागद आहे ते एका वहीत लिहा. वही कुणाच्या घरी राहील हेही त्याच दिवशी ठरवून टाका.